रेपो फुगू नये म्हणून

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत बिल्ड आणि रेपो सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे. आम्ही मुलांसाठी अभ्यासाची ॲप्स बनवतो. त्यामुळे कोडच्या जोडीला चित्रं, निवेदनाचे ऑडिओ, ॲनिमेशनचे व्हिडिओ, फॉन्ट, आणि अलीकडे उच्चार तपासणारी मॉडेल्स असा सगळा पसारा असतो. लाखभर ओळींचा कोड काही एमबीत मावतो. एका धड्याच्या व्हिडिओला दोनशे एमबी पुरत नाहीत. हे दोन्ही एकाच रेपोत नांदवायचं म्हटलं की कुरबुरी सुरू होतात. नव्या मुलाचा पहिला दिवस क्लोन होण्याची वाट बघण्यात जातो, बिल्ड सर्व्हरची डिस्क भरते, आणि महिनाअखेरीस अकाउंट्सवाले विचारतात, "हे एलएफएस म्हणजे नक्की कशाचं बिल आहे?" एलएफएस म्हणजे मोठ्या फाइली गिटच्या इतिहासाबाहेर, वेगळ्या सर्व्हरवर ठेवण्याची सोय; ती पाचव्या मुद्द्यात येईल.

ही प्रकरणं निस्तरताना माझं एक मत पक्कं झालं. जागा वाचवण्याचं काम फाइल रेपोत शिरण्याआधी होतं. शिरल्यावर करतो ती साफसफाई, आणि ती नेहमी महाग पडते. या मतापर्यंत ज्या गोष्टींनी आणलं, त्या क्रमाने मांडतो.

१. जागा फाइल खात नाही, तिचा इतिहास खातो

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे हजारो छोट्या मजकुरी फाइलींसाठी. त्या कामाला ते इतकं चपखल बसलं आहे की कर्नलचा दहा लाखांहून जास्त कमिटचा इतिहास आजही काही जीबीत राहतो.

यामागची युक्ती अशी. फाइल बदलली की गिट तिची नवी आवृत्ती आख्खी साठवतं आणि झेडलिबने दाबतं. पुढे सवडीने सगळे ऑब्जेक्ट एका पॅकफाइलमध्ये बांधताना एकमेकांसारख्या आवृत्त्या शोधून फक्त फरक ठेवतं. कोडच्या फाइलीत एक ओळ बदलली तर फरकही ओळीएवढाच निघतो.

जेपेग, एमपी-फोर, झिप या फाइली मुळातच दाबलेल्या असतात. व्हिडिओच्या सुरुवातीची पाटी बदलून पुन्हा एक्स्पोर्ट केला की डोळ्यांना फरक दोन सेकंदांचा दिसतो, पण आतले बाइट जवळजवळ सगळे नवे असतात. फरक काढून हाती काही लागत नाही. ५१२ एमबीपेक्षा मोठ्या फाइलीचा फरक काढण्याच्या फंदात तर गिट मूळ सेटिंगनुसार पडतच नाही. म्हणून २०० एमबीचा व्हिडिओ दहा वेळा बदलला की रेपो २ जीबीच्या आसपास वाढतो, फोल्डरमध्ये मात्र २०० एमबीचाच व्हिडिओ दिसत राहतो.

सबव्हर्जनमध्ये वाढलेल्या लोकांना हे पटकन पटत नाही. तिथे इतिहास सर्व्हरवर असायचा आणि आपल्या मशीनवर चालू आवृत्तीपुरतीच फाइल यायची. गिटमध्ये साधा क्लोन केला की सगळा इतिहास प्रत्येकाच्या लॅपटॉपवर उतरतो. वीस जणांची टीम असेल तर त्या २ जीबीच्या वीस प्रती होतात.

२. डिलीट केलेली फाइल गेलेली नसते

"काढून टाकली ना कालच, मग रेपो अजून तेवढाच कसा?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. नवा कमिट एवढंच नोंदवतो की आजपासून ही फाइल इथे नाही. कालच्या कमिटमध्ये ती आहेच, आणि काल परत जायची सोय राहावी म्हणून तर आपण गिट वापरतो. नंतर ती गिटइग्नोरमध्ये घातल्यानेही काही साधत नाही. ती यादी फक्त अजून आत न आलेल्या फाइलींना अडवते.

याच गैरसमजाचं दुसरं रूप पुश करताना दिसतं. गिटहब ५० एमबीवरच्या फाइलीला इशारा देतं आणि १०० एमबीवरची फाइल थेट नाकारतं. नाकारलं की लोक घाईघाईने ती फाइल डिलीट करून आणखी एक कमिट करतात, पुन्हा पुश करतात, आणि पुन्हा नकार येतो. कारण मोठी फाइल असलेला मधला कमिट अजून रांगेत उभाच असतो. तो कमिटच दुरुस्त करावा लागतो. शेवटचा असेल तर 'अमेंड', मागचा असेल तर 'इंटरॅक्टिव्ह रिबेस'. पुश झालेला नसताना हे पाच मिनिटांचं काम असतं. पुश झाल्यावर तेच काम किती मोठं होतं, ते नवव्या मुद्द्यात येईल.

३. आधी मोजा, मग संशय घ्या

रेपो फुगला की पहिलं बोट डिझायनरकडे जातं. अनुभव असा की निम्म्या वेळा दोषी दुसराच निघतो. 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स' ही आज्ञा 'व्ही' आणि मोठा 'एच' हे पर्याय देऊन चालवली की 'साइझ-पॅक' या ओळीत एकूण वजन कळतं. कुठे काय साठलं आहे ते पाहायला गिटहबने बनवलेलं 'गिट-सायझर' चांगलं आहे. कोणत्या एक्स्टेन्शनच्या फाइलींनी इतिहासात किती जागा धरली आहे, ते 'एव्हरीथिंग' पर्यायासह चालवलेलं 'गिट एलएफएस मायग्रेट इन्फो' सांगतं. ही आज्ञा फक्त माहिती देते, काही बदलत नाही, त्यामुळे निर्धास्तपणे चालवावी.

मला या तपासण्यांत वारंवार सापडलेला माल असा: कुणीतरी 'असू दे' म्हणून ठेवलेल्या एपीके फाइली, झिप केलेलं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर, डेटाबेसचा डंप, आणि जुपिटर नोटबुक.

नोटबुक जरा जवळून बघण्यासारखं आहे. ती मजकुरी फाइल असते, म्हणून कुणाला तिचा संशय येत नाही. पण आत काढलेला प्रत्येक आलेख बेस-६४ च्या लांबलचक अक्षरमाळेच्या रूपात त्याच फाइलीत बसतो. दहा आलेखांचं नोटबुक सहज काही एमबींचं होतं. कोडमध्ये एक अक्षर न बदलता नुसतं पुन्हा चालवलं, तरी आलेख नव्याने उमटतात आणि फाइल बदलते. उपाय सोपा आहे. 'एनबीस्ट्रिपआउट' बसवलं की कमिटआधी आउटपुट आपोआप गळून पडतं. आमच्या मॉडेलवाल्या टीमला हे बसवून दिल्यावर त्यांच्या रेपोची वाढ जवळपास थांबली. एलएफएसची गरजच पडली नाही.

४. फाइल आत येण्याआधी तिला एक प्रश्न विचारा

ही फाइल हरवली तर पुन्हा तयार करता येईल का? या एका प्रश्नावर बहुतेक वाद मिटतात.

कोडवरून पुन्हा बनू शकणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे एपीके, इन्स्टॉलर, कंपाइल केलेल्या लायब्ररी, लहान केलेली चित्रं, गिटमध्ये येऊ नये. त्यांची जागा आर्टिफॅक्ट स्टोअरमध्ये किंवा रिलीजमध्ये. गिटहबच्या रिलीजला २ जीबीपर्यंतची फाइल जोडता येते आणि तिचा कमिटच्या इतिहासाशी संबंध येत नाही.

पुन्हा बनवता येत नाही आणि कोडच्या ठरावीक आवृत्तीशी घट्ट बांधलेली आहे, अशी फाइल एलएफएसमध्ये जावी. आमच्याकडे मूळ चित्रं, निवेदनाच्या रेकॉर्डिंगच्या अंतिम प्रती आणि ॲपमध्ये जाणारे व्हिडिओ या गटात येतात.

तिसरा गट प्रचंड डेटाचा. प्रशिक्षणाचे तासन्‌तास ऑडिओ किंवा मूळ शूटिंग यांचा बदलण्याचा वेग आणि आकार दोन्ही कोडपेक्षा वेगळे असतात. ते ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये ठेवावेत आणि गिटमध्ये फक्त त्यांची नोंद असावी. २०१७ साली आलेलं डीव्हीसी हेच करतं. त्याआधी २०१० मध्ये जोई हेस यांनी 'गिट-ॲनेक्स' याच विचाराने लिहिलं होतं.

आमच्या अनुभवात पहिला गट नीट बाहेर काढला की उरलेलं दुखणं निम्म्यावर येतं.

५. एलएफएसची फाइल प्रत्येकाला एकदा उघडून दाखवा

गिट एलएफएस गिटहबने २०१५ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं. तेव्हा पॅरिसला भरलेल्या 'गिट मर्ज' परिषदेत असं उघड झालं की ॲटलॅशियनही स्वतंत्रपणे जवळजवळ तेच बनवत होतं. मग दोघांनी एकच प्रकल्प पुढे नेला. ही गोष्ट मी नव्या मुलांना सांगतो, कारण त्यातून कळतं की दुखणं एकट्या आपलं नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मी त्यांना पॉइंटर फाइल दाखवतो. एलएफएसमध्ये टाकलेल्या व्हिडिओच्या जागी गिटच्या इतिहासात फक्त तीन ओळी जातात. पहिलीत व्हर्जन आणि एलएफएसच्या स्पेसिफिकेशनचा पत्ता, दुसरीत 'ओआयडी' म्हणजे शा-२५६ पद्धतीने काढलेला ६४ अक्षरी हॅश, तिसरीत मूळ फाइलीचा आकार बाइटमध्ये. सगळं मिळून साधारण १३० बाइट. देवळाबाहेर चपला ठेवून टोकन घ्यावं, तसा हा व्यवहार आहे. टोकन गिटकडे राहतं, चपला एलएफएसच्या सर्व्हरवर. ॲड करताना 'क्लीन' फिल्टर फाइल घेऊन टोकन देतो आणि चेकआउट करताना 'स्मज' फिल्टर टोकन घेऊन फाइल परत आणतो.

हे ज्याने पाहिलेलं नसतं, त्याची एक दिवस हमखास फजिती होते. आमच्या एका चित्रकार ताईंनी गिटहबवरून रेपोची झिप उतरवली आणि फोन केला.

"अरे, तुमची फाइल करप्ट आहे. फोटोशॉप उघडतच नाही."

"ताई, फाइलचा आकार किती दिसतोय?"

"एक केबी."

"नोटपॅडमध्ये उघडून बघा बरं."

"व्हर्जन, ओआयडी असलं काहीतरी लिहिलंय."

फाइल ठणठणीत होती, त्यांच्याकडे नुसतं टोकन पोचलं होतं. गिटहब झिपमध्ये एलएफएसच्या फाइली घालत नाही; सेटिंग्जमध्ये मुद्दाम परवानगी द्यावी लागते. मशीनवर एलएफएस बसवलेलंच नसेल तरी असंच होतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: मोठी फाइल उघडत नसेल तर आधी तिचा आकार बघायचा.

६. गिटॲट्रिब्यूट्स पहिल्या कमिटच्या आधी लिहा

कोणत्या फाइली एलएफएसकडे जायच्या, ते गिटॲट्रिब्यूट्स या बिंदूने सुरू होणाऱ्या फाइलीत लिहिलेलं असतं. 'गिट एलएफएस ट्रॅक' ही आज्ञा तिच्यात एक ओळ घालते, इतकंच. ती ओळ आजपासून पुढे लागू होते. आधीच कमिट झालेले व्हिडिओ गिटच्या पोटात तसेच राहतात. 'ट्रॅक केलं तरी रेपो लहान होत नाही' ही तक्रार यातूनच येते.

ही ओळ लिहिताना काही बारकावे सांभाळावे लागतात. पॅटर्न अवतरणचिन्हांत द्यावा, नाहीतर शेल स्वतःच तो उलगडतो आणि फक्त आज फोल्डरमध्ये असलेल्या फाइलींची नावं नोंदली जातात. एक्स्टेन्शन लहान आणि मोठ्या, दोन्ही अक्षरांत द्यावं. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींचं 'जेपीजी' बहुधा कॅपिटलमध्ये असतं, आणि लिनक्सवर ते वेगळं मोजलं जातं. एसव्हीजी मजकुरी फाइल आहे, ती गिटमध्येच राहू द्यावी. दोन-दोन केबींचे शेकडो आयकॉन एलएफएसमध्ये ढकलण्यातही अर्थ नाही, कारण प्रत्येकासाठी सर्व्हरकडे वेगळी फेरी होते आणि चेकआउट रेंगाळतं. आम्ही एक्स्टेन्शनऐवजी फोल्डरवर नियम बांधला. 'मूळ-मीडिया' या फोल्डरमधलं सगळं एलएफएसमध्ये जातं, बाकी काही जात नाही. डिझायनरांच्या लक्षात राहायलाही हे सोपं आहे.

एखाद्याच्या मशीनवर एलएफएस बसवलेलं नसेल आणि त्याने त्या फोल्डरमध्ये फाइल कमिट केली, तर ती टोकन न होता आख्खी आत जाते. पुढच्याच्या टर्मिनलवर मग संदेश येतो की ही फाइल पॉइंटर असायला हवी होती, पण नाही. हा संदेश पाहून लोक घाबरतात आणि काहीतरी रिसेट करत बसतात. त्यापेक्षा पुल रिक्वेस्टवर 'गिट एलएफएस एफएससीके' पॉइंटर तपासण्याच्या पर्यायासह चालवावं. चूक मर्ज होण्याआधीच अडते.

७. एलएफएसने जागा वाचत नाही, ती दुसरीकडे जाते

हे वाक्य आमच्या साहेबांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एलएफएसमुळे क्लोन हलका होतो, कारण आपल्याला लागते तेवढीच आवृत्ती उतरते. पण सर्व्हरवर प्रत्येक आवृत्ती आख्खी साठते. तिथे फरक काढून ठेवण्याची भानगड नाही. ५०० एमबीच्या फाइलीत एक बाइट बदलून पुश केलं तर आणखी ५०० एमबी खर्ची पडतात.

म्हणून बदलाची शिस्त लागते. आमच्या डिझायनरांना आम्ही विनंती केली की दर 'सेव्ह'ला कमिट करू नका. काम चालू असेपर्यंत शेअर्ड ड्राइव्हवर ठेवा, मंजूर झालं की एकदाच रेपोत आणा. एका फाइलीत पंधरा पानं रचण्याऐवजी दर पानाची वेगळी फाइल करा, म्हणजे एक पान बदललं तर एकच फाइल नव्याने साठेल. या दोन सवयींनी जेवढी जागा वाचली, तेवढी कुठल्याही आज्ञेने वाचली नाही.

या मर्यादेवर मोठमोठ्या मंडळींनाही उपाय शोधावा लागला आहे. हगिंग फेसवरची मॉडेल्स एलएफएसवरच ठेवलेली असत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी झेटहब ही कंपनी विकत घेतली आणि फाइलीचे मजकुरानुसार लहान तुकडे पाडून फक्त नवे तुकडे साठवणारी पद्धत आणली. एक तुकडा सरासरी ६४ केबींच्या आसपास असतो. साध्या एलएफएसमध्ये ही सोय नाही, हे धरूनच हिशेब करावा.

८. बँडविड्थ माणसं कमी खातात, बिल्ड सर्व्हर जास्त

होस्टिंगचे मीटर दोन असतात, साठवण आणि डाउनलोड. पूर्वी गिटहबवर ५ डॉलरला महिन्याला ५० जीबी साठवण आणि ५० जीबी डाउनलोड असं पाकीट मिळायचं. आता वापराप्रमाणे आकारणी होते. दर बदलत राहतात, ते गिटहबच्या दरांच्या पानावर बघावेत. हिशेबाची रीत मात्र तीच आहे.

समजा रेपोत ४ जीबी एलएफएस आहे आणि दिवसाला ३० बिल्ड होतात. प्रत्येक बिल्ड कोऱ्या मशीनवर सगळं उतरवत असेल तर दिवसाला १२० जीबी झाले. टीममधली वीस माणसं वर्षभरात एवढं उतरवणार नाहीत.

गिटहब ॲक्शन्सची चेकआउट पायरी स्वतःहून एलएफएस आणत नाही आणि फक्त शेवटचा कमिट उतरवते. घोळ तेव्हा होतो जेव्हा कुणीतरी एका बिल्डसाठी एलएफएसचा पर्याय चालू करतो आणि तोच मजकूर कॉपी होत होत प्रत्येक कामात पोचतो. कोडच्या चाचण्यांना व्हिडिओ लागत नाहीत. ज्या एका कामात ॲपचं पॅकेज बनतं, तिथेच एलएफएस आणावं आणि त्याचं फोल्डर कॅशमध्ये ठेवावं. इतरत्र 'जीआयटी एलएफएस स्किप स्मज' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवला की फक्त टोकनं येतात.

खुल्या प्रकल्पांसाठी आणखी एक इशारा. गिटहबवर फोर्कमध्ये ढकललेल्या एलएफएस फाइलींची साठवण मूळ रेपोच्या मालकाच्या खात्यावर मोजली जाते.

९. इतिहास पुन्हा लिहिणं हा शेवटचा उपाय आहे

सगळं करूनही एखादा रेपो असा हाती येतो की त्याच्या इतिहासात अनेक जीबींचा कचरा बसलेला असतो. मग इतिहास पुन्हा लिहावा लागतो. जुन्या 'फिल्टर-ब्रँच'पासून लांब राहावं, असं गिटच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. इलायजा न्यूरेन यांचं 'गिट फिल्टर-रेपो' वापरावं, किंवा नुसत्या मोठ्या फाइली उडवायच्या असतील तर रॉबर्टो टायली यांचं 'बीएफजी'. फाइली ठेवून फक्त एलएफएसमध्ये हलवायच्या असतील तर 'गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट'.

आज्ञा सोपी असते, माणसांची जुळवाजुळव अवघड. कमिटच्या हॅशमध्ये मागच्या कमिटचा हॅश मिसळलेला असतो, त्यामुळे जिथे पहिला बदल होतो तिथून पुढचा प्रत्येक कमिट नवा होतो. आम्ही पाळतो तो क्रम असा. आठवडाभर आधी सगळ्यांना कळवायचं. उघड्या ब्रँच मर्ज करून घ्यायच्या. ठरलेल्या संध्याकाळी पुश बंद करायचं. मिरर क्लोन काढून तो बाजूला सुरक्षित ठेवायचा. मग ताज्या क्लोनवर काम करायचं. फिल्टर-रेपो वापरात असलेल्या क्लोनवर चालायला स्वतःहून नकार देतं, आणि तो नकार शहाणपणाचा आहे. तपासून झालं की फोर्स पुश. त्यानंतर प्रत्येकाने जुना क्लोन हटवून नवा घ्यायचा.

शेवटच्या पायरीवरच घात होतो. एकाने जुन्या क्लोनमध्ये पुल करून मर्ज केलं आणि पुश केलं, की हाकललेला सगळा इतिहास परत आत येतो. म्हणून फोर्स पुशनंतर काही दिवस मी येणाऱ्या पुशवर स्वतः लक्ष ठेवतो.

आपल्या मशीनवर जागा लगेच मोकळी झाली नाही तर गोंधळू नये. रिफ्लॉगमधल्या नोंदी मूळ सेटिंगनुसार ९० दिवस, आणि ब्रँचच्या आताच्या टोकावरून न पोचता येणाऱ्या ३० दिवस राहतात. होस्टवरही जुन्या पुल रिक्वेस्टचे संदर्भ ऑब्जेक्ट धरून ठेवतात. एलएफएसचं तर आणखी वेगळं. गिटहबवर इतिहासातून टोकन काढलं तरी सर्व्हरवरची फाइल तशीच राहते. ती घालवायला रेपो डिलीट करून नव्याने बनवावा लागतो, नाहीतर त्यांच्या सपोर्टला लिहावं लागतं. म्हणजे चुकून ढकललेला व्हिडिओ बिलात राहतोच.

१०. लॅपटॉपवरची जागा वेगळी सांभाळा

एलएफएसची प्रत्येक चालू फाइल आपल्या मशीनवर बहुधा दोनदा असते. एक काम करायच्या फोल्डरमध्ये, दुसरी गिटच्या आतल्या एलएफएस फोल्डरमध्ये. ब्रँच बदलत राहिलं की आतल्या फोल्डरमध्ये जुन्या आवृत्त्या साठत जातात. 'गिट एलएफएस प्रून' त्या काढतं. चालू चेकआउटमधल्या, पुश न झालेल्या आणि अलीकडच्या फाइलींना ते हात लावत नाही. सर्व्हरवर प्रत आहे की नाही ते आधी तपासणारा 'व्हेरिफाय-रिमोट' हा पर्याय जोडावा, म्हणजे झोप नीट लागते. प्रून फक्त आपल्या मशीनवर चालतं, सर्व्हरच्या बिलावर त्याचा काही परिणाम होत नाही.

आमच्यातले काही जण सातारा, कोल्हापूरकडून घरून काम करतात आणि फोनच्या हॉटस्पॉटवर असतात. त्यांना आंशिक क्लोन शिकवला. 'फिल्टर' पर्यायात 'ब्लॉब नन' दिलं की फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो. त्याला 'स्पार्स-चेकआउट'ची जोड दिली की आपल्यापुरतं फोल्डर येतं. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सुमारे ३०० जीबींचा रेपो २०१७ साली गिटवर आणला तो अशाच 'लागेल तेव्हा उतरवा' या तत्त्वावर. त्यांच्यापुढे आपला रेपो म्हणजे किरकोळ, तेव्हा गिटला ओझं पेलत नाही ही सबब फार चालत नाही.

११. मिरर क्लोन म्हणजे पूर्ण बॅकअप नव्हे

जागेच्या काळजीपायी हा मुद्दा मागे पडतो, म्हणून मुद्दाम वेगळा लिहितो. 'गिट क्लोन मिरर'ने सगळ्या ब्रँच, सगळे टॅग येतात, पण एलएफएसच्या मूळ फाइली येत नाहीत. होस्ट बदलताना कुणी एवढाच मिरर घेऊन नव्या जागी ढकलला आणि जुनं खातं बंद केलं, तर हातात टोकनं उरतात आणि चपलांचा पत्ता नसतो. एका प्रकल्पात मला हे नेमकं वेळेवर दिसलं, खातं बंद व्हायला काही दिवस बाकी होते म्हणून निभावलं.

मिररनंतर 'गिट एलएफएस फेच' 'ऑल' पर्यायासह चालवावं, नव्या जागी 'गिट एलएफएस पुश'ही 'ऑल'सह करावं, आणि मग पूर्णपणे नवा क्लोन काढून चार जुने टॅग चेकआउट करून व्हिडिओ प्रत्यक्ष चालवून बघावेत. हे झाल्याशिवाय जुन्या खात्याला हात लावू नये.

१२. ज्या फाइली मर्ज होत नाहीत, त्यांना कुलूप लावा

दोघांनी एकच फोटोशॉप फाइल बदलली तर गिट काही जुळवून देऊ शकत नाही. एकाचं काम वाया जातं. मग भीतीपोटी लोक नावांत 'फायनल', 'फायनल-दोन', 'फायनल-खरंच' जोडून प्रती वाढवतात, आणि साठवणीचा प्रश्न पुन्हा तिथेच येतो. गेम बनवणाऱ्या स्टुडिओंनी पर्फोर्स सोडलेलं नाही, त्याचं एक मोठं कारण तिथली कुलपाची सोय आहे.

'गिट एलएफएस लॉक' हे काम करतं. गिटॲट्रिब्यूट्समध्ये 'लॉकेबल' लिहिलं की फाइल मशीनवर फक्त वाचण्यापुरतीच राहते आणि कुलूप घेतल्यावरच बदलता येते. कुलूप लावून रजेवर जाणाऱ्यांसाठी ते जबरदस्तीने काढायचा अधिकार एका माणसाकडे असू द्यावा. आमच्याकडे ही सोय लावल्यावर 'फायनल' नावाच्या फाइली रेपोत येणं बंद झालं.

शेवटी एवढंच सांगेन. साधनं बरीच आहेत आणि दर वर्षी नवी येतात, पण यातलं एकही साधन तुमच्यासाठी ठरवणार नाही की कोणती फाइल इतिहासात कायमची राहावी. तो निर्णय टीमने घ्यायचा असतो, आणि त्याची स्वस्त वेळ पहिल्या कमिटच्या आधीची असते. नवा प्रकल्प सुरू करत असाल तर गिटइग्नोर आणि गिटॲट्रिब्यूट्स या दोन फाइली आधी लिहा, त्या कोण सांभाळणार त्याचं नाव ठरवा आणि मग कोडला हात लावा. प्रकल्प जुना असेल तर आजच वजन मोजा आणि तो आकडा सगळ्यांना दिसेल असा लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजाल तेव्हा कुठे वाढलं, ते विचारायला माणसं आणि आठवणी दोन्ही जागेवर असतील.